बी विंगमधल्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

परवाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला तुम्ही नव्हतात. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, येणार तरी कसे. विषय क्रमांक सहाला "मानद सचिवांनी संस्थेचे संपूर्ण दप्तर संगणकीकृत केल्याबद्दल अभिनंदन" असा ठराव झाला, टाळ्या पडल्या, मला शाल-श्रीफळ मिळालं. मी तिथेच उठून बोलायला हवं होतं. पण अध्यक्षांनी लगेच पार्किंगचा विषय पुकारला, आणि आपल्याकडे पार्किंग निघालं की कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. नारळाची चटणी झाली. शाल घडी न मोडता ठेवली आहे, ती तुमची. आणि हे पत्र जाहीर लिहितेय, म्हणजे इतिवृत्तात जे आलं नाही ते निदान चार लोकांना कळेल.

आधी माझा पराक्रम सांगते, कारण तो तुम्हाला सोडून कुणालाच नीट माहीत नाही.

आपली सोसायटी १९८६ ची, ४८ सदनिकांची. दप्तर म्हणजे तळमजल्यावरच्या ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. त्याचा खालचा कप्पा २६ जुलै २००५ ला पाण्याखाली गेला होता. तिथल्या फायली अजून पापडासारख्या कुरकुरतात. बिल्डरने फ्लॅट विकले पण जमीन काही संस्थेच्या नावावर करून दिली नाही, ही डोंबिवलीतल्या कितीतरी इमारतींची कहाणी आपलीही. फ्लॅटमालकीच्या मोफा कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं. पण त्यासाठी सभासदांचे करारनामे, इंडेक्स दोन (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा), मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा असं बाड लागतं. ते सगळं कपाटात कुठेतरी होतं. कुठे, ते कपाटालाच माहीत.

मी आयटीतली. मला वाटलं, यात काय अवघड आहे? स्कॅन केलेले कागद साठवायची आणि शोधायची पेपरलेस-एनजीएक्स नावाची एक मुक्त, फुकट प्रणाली आहे, ती जुन्या लॅपटॉपवर चढवली. तिसऱ्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या मुलाकडून महिनाभरात कपाटातले कागद स्कॅन करून घेतले. त्या बिचाऱ्याने शहाण्यासारखं प्रत्येक फायलीचं वेगळं फोल्डर केलं होतं: "ए ०७ करार", "विमा", "लिफ्ट". प्रत्येक फोल्डरच्या आत स्कॅन०००१, स्कॅन०००२. एकूण एकोणीसशेच्या आसपास फायली.

पेपरलेसमध्ये कागद आत घ्यायचं एक दार असतं. त्या फोल्डरचं नाव "कंझ्यूम". त्यात फाइल टाकली की प्रणाली ती उचलते, वाचते, आपल्या कोठारात ठेवते आणि दारातून काढून टाकते. नावातच गिळणं आहे, पण मी नाव वाचून थोडीच थांबणार. सगळी फोल्डरं तशीच आत टाकली, तर काहीच होईना. आतल्या फोल्डरांत शिरायचं की नाही ही एक वेगळी सेटिंग असते आणि ती मुळात बंद असते, हे मला नंतर कळलं. रात्री साडेअकराला मी काय केलं, तर सगळ्या फायली फोल्डरांतून बाहेर काढून एकाच जागी ओतल्या. सारख्या नावांबद्दल विंडोजने विचारलं, "दोन्ही ठेवू?" ठेव बाबा. आणि झोपले.

सकाळी सगळ्या फायली गिळून झाल्या होत्या. यादीत नजर जाईल तिथवर स्कॅन०००१, पुढे कंसात आकडा. प्रणाली कागदाचं शीर्षक फाइलच्या नावावरून घेते, तिने तरी दुसरं काय करायचं? तारखांची आणखी मजा. मजकुरात जी तारीख आधी सापडेल ती कागदाची तारीख, म्हणून काही करारनाम्यांना मुद्रांक विकत घेतल्याचा दिवस चिकटला. जिथे काहीच सापडलं नाही तिथे फाइल शेवटची बदलल्याची तारीख, म्हणजे झेरॉक्सवाल्याने स्कॅन केल्याचा दिवस. १९९१ चं विमापत्र यंदाच्या मार्चमधलं झालं. आणि मराठी? अक्षरं ओळखण्याची भाषा मी बदललीच नव्हती, मुळात ती इंग्रजी असते. "सर्वसाधारण सभा" शोधलं तर शून्य कागद. आपली सगळी देवनागरी इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत बसली होती. दोष प्रणालीचा नाही. या सगळ्या गोष्टी तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. मी वाचलं नव्हतं.

त्या रविवारी मी ऑफिसात डोकं धरून बसले होते आणि तुम्ही दुरुस्ती निधीची पावती मागायला आलात. पावती मला सापडेना. तुम्ही पडद्यावर वाकून पाहिलंत, चष्मा वर केलात आणि म्हणालात, "हे दप्तर आहे की भेळ?"

काका, तेव्हा मला राग आला होता. आता कबूल करते.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात तुम्ही ३१ वर्षं काढलीत, हे मला ऐकून माहीत होतं. पण त्याचा माझ्या लॅपटॉपशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि विचारलंत, "तुझ्या यंत्रात कागदाची नोंद करताना काय काय विचारतात?" मी वाचून दाखवलं: कोणाकडून आला, कोणत्या प्रकारचा, कधीचा, खुणेचे टॅग, आणि एक अर्काइव्ह सिरीयल नंबर, जो मी कधी भरलाच नव्हता. तुम्ही हसलात. "अगं, ही तर आवक नोंदवही. तो शेवटचा रकाना म्हणजे आवक क्रमांक. तोच सोडलास?"

ते एक वाक्य मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. पेपरलेसमध्ये तो क्रमांक असतोच मुळी यासाठी, की कागदावर तोच आकडा लिहायचा आणि कागद आकड्याच्या क्रमाने पेटीत ठेवायचे. पडद्यावर शोधायचं, आकडा बघायचा, पेटीतून मूळ कागद काढायचा. त्यासाठी पेटीत विषयवार लावालाव करत बसायला नको. तुम्ही हे काम शाईच्या दौतीच्या काळापासून करत होतात.

मग आपण सगळं पुसलं. पुढचे सात रविवार मी कधी विसरणार नाही. काकू वरून ताक पाठवायच्या आणि तुम्ही कपाटातली एकेक फाइल जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सोडवायचात. गंजलेल्या टाचण्या काढायला तुमची ती बोथट सुरी. टाचणी ओढायची नाही, कागद सुरीवर दाबायचा आणि टाचणी आपोआप वर येऊ द्यायची. मी पहिल्याच दिवशी एक शेअर सर्टिफिकेट फाडलं तेव्हा शिकवलंत. नंतर कडा बोटांनी सपाट करायच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा, दाभणाने भोक, लेस. स्कॅनरपाशी कागद शेवटी यायचा.

आणि प्रत्येक कागदाला आधी प्रश्न: हा ठेवायचा किती दिवस? अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. सरकारी कचेरीचं हे गणित तुम्ही आपल्या सोसायटीला लावलंत. जिन्याच्या दिव्याची १९९४ ची बिलं मी मोठ्या श्रद्धेने स्कॅन करून घेतली होती, ती सगळी ड मध्ये गेली. एकोणीसशेतले सातशेच्या वर कागद आत यायच्या लायकीचेच नव्हते. पण रद्दीवाल्याला मात्र तुम्ही दारातून परत पाठवलंत. "कमिटीचा ठराव होऊ दे आधी. ठरावाशिवाय कपटासुद्धा बाहेर जायचा नाही."

इंडेक्स दोनच्या चार प्रतींचा किस्सा तर मी माझ्या नोकरीतल्या ऑफिसात सगळ्यांना सांगते. पेपरलेस एकच फाइल दोनदा आली तर दुसरी नाकारते, कारण ती फाइलचा ठसा काढून ताडून बघते. पण तो ठसा फाइलचा, कागदाचा नव्हे. तोच कागद दुसऱ्यांदा स्कॅन केला की यंत्राच्या लेखी तो नवाच. त्यामुळे ए ०७ चे चार इंडेक्स दोन चार वेगळे कागद म्हणून शांतपणे बसले होते. तुम्ही चारही घेऊन खिडकीशी गेलात. एकेक उजेडासमोर तिरका धरलात, अंगठा फिरवलात. तिसऱ्यावर थांबलात. "इथे बोट लाव." शिक्क्याचा उठाव बोटाला लागला. "ही खरी नक्कल. बाकी तीन झेरॉक्सच्या झेरॉक्स." मग तिसऱ्याला क्रमांक दिलात आणि उरलेल्यांवर तिरकी रेघ ओढलीत.

माझ्या वाट्याचं काम त्यानंतर अगदी सोपं झालं, म्हणूनच सभेतल्या टाळ्या टोचल्या. तुम्ही केलेले ढीग तसेच फोल्डर झाले: आधी विंग आणि सदनिका, मग कागदाचा प्रकार. आतल्या फोल्डरांत शिरायची सेटिंग चालू केली आणि फोल्डरचं नावच टॅग बनवायची दुसरीही. भाषेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आधी फक्त वीस कागद टाकून बघितले, कारण तुम्ही म्हणालात, "एक दस्ता कर, तपास, मग पुढचा." त्या विसातच कळलं की डीटीपीवाल्याकडून टाइप करून पीडीएफ म्हणून आलेली इतिवृत्तं अजूनही जंगली अक्षरांत दिसतायत. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात होती. आत मजकूर आधीच आहे असं समजून प्रणाली ती पानं वाचायचीच नाही. तेवढ्यांना सक्तीने पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा कुठे "लिफ्ट" शोधल्यावर लिफ्ट सापडली.

हाताने लिहिलेल्या इतिवृत्तांपुढे मात्र यंत्राने हात टेकले. १९८६ पासूनचे सचिव, त्यांतल्या एकाचं अक्षर तर मुंग्या शाईत बुडून चालल्यासारखं. तुम्ही वाचायचात, मी टाइप करायची: तारीख, विषय, ठराव क्रमांक. एका पानावर तुम्ही पाच मिनिटं गप्प होतात. मग म्हणालात, "पंप नाही, पंच आहे. पाण्याचा नाही, भांडणाचा ठराव." बत्तीस वर्षांपूर्वी कोण कुणाशी भांडलं होतं ते इथे लिहीत नाही. दोघेही अजून इमारतीत आहेत.

मला वाटलं संपलं. तुम्ही म्हणालात, "चावडी वाचन राहिलं." सातबारे संगणकावर चढवले तेव्हा गावोगाव लोकांसमोर उतारे वाचून दाखवले, चुका तिथल्या तिथे लिहून घेतल्या, त्या कामात तुम्ही होतात. म्हणून एका रविवारी गेटपाशी दोन खुर्च्या, टेबलावर लॅपटॉप, आणि तुम्ही मोठ्याने: "ए विंग, सदनिका सात. करारनामा आहे, इंडेक्स दोन आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, नामनिर्देशन नाही." लोक आधी हसले. मग दुधाच्या पिशव्या घेऊन उभे राहिले. ए ०७ च्या आजींनी ऐकता ऐकता हात वर केला, "अहो, आमच्या करारात बी लिहिलंय, ए नाही." खरंच होतं, मूळ कागदातच चूक, आजवर कुणी वाचलीच नव्हती. त्या सकाळी अशा अकरा गोष्टी निघाल्या. चार जणांची शेअर सर्टिफिकेटं अजून गेलेल्या माणसांच्या नावावर होती. जमिनीच्या अर्जासोबत हे असंच उपनिबंधकांकडे गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

आता आत ११६० कागद आहेत. गेल्या आठवड्यात सी विंगच्या एका सभासदाने सहकार कायद्यातल्या सभासदाच्या हक्काखाली कागद पाहायला मागितले, मी तीन मिनिटांत मूळ प्रत हातात ठेवली. ते इतके गोंधळले की काय पाहायचं होतं तेच विसरले.

फक्त एक राहिलंय. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र शेवटपर्यंत मिळालं नाही. त्याच्यासाठी तुम्ही ४१२ नंबर मोकळा ठेवलात आणि नोंदवहीत पुढे "गहाळ" लिहिलंत. मी पेन पुढे केलं होतं, तुम्ही पेन्सिलच घेतलीत. महापालिकेत नकलेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी दिलाय. पट्टी सुटून तुमचा डोळा नीट होईपर्यंत बहुतेक येईलच. आली की नोंदवही, शाल आणि खोडरबर घेऊन वर येते. खोडायचं तुम्हीच.

तुमची,
ए विंगमधली सचिव