परदेशी निधीच्या कामांची सूत्रे जिल्ह्याच्या हाती हवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचगंगा आणि कृष्णेच्या महापुरावर उपाय म्हणून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवल्या जाणाऱ्या महाराष्ट्र प्रतिसादक्षम विकास कार्यक्रमाची आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बरीच चर्चा आहे. चर्चेचा रोख बहुतेक वेळा रकमेवर, पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या कल्पनेवर आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवर असतो, आणि २०१९ व २०२१ चे महापूर सोसलेल्या जिल्ह्यात ते स्वाभाविकही आहे. परंतु बाहेरच्या निधीतून होणारी कामे, शासनाच्या नेहमीच्या योजना आणि स्वयंसेवी संस्थांचे उपक्रम यांची सांगड नेमकी कोण घालणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारताना दिसत नाही. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काम करताना अशा अनेक कार्यक्रमांची अंमलबजावणी मी जवळून पाहिली आहे, आणि त्या अनुभवामुळे हा प्रश्न मला रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

करवीर तालुक्यातील एका गावात बचत गटाच्या कोषाध्यक्ष असलेल्या एका ताईंच्या पिशवीत दोन स्वतंत्र दप्तरे असत. परदेशी साहाय्यावर चालणाऱ्या एका कार्यक्रमाने त्या गावात गट बांधले होते. पुढे दुसरा कार्यक्रम आला, त्यालाही उद्दिष्टापुरते गट दाखवायचे होते, म्हणून त्याच बायकांचा निराळ्या नावाने आणखी एक गट नोंदवला गेला. दोन बँकांत दोन खाती, दोन शिक्के, दोन इतिवृत्त वह्या. एका गटाची बैठक सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी. मासिक अहवालांचे नमुनेही वेगळे, त्यामुळे एकच बचत दोन तऱ्हेने लिहावी लागे, आणि बैठकीसाठी बसायचे तर बायकांना त्या दिवसाची मजुरी सोडावी लागे. हळूहळू एका गटाचे कर्ज दुसऱ्या गटाच्या कर्जातून फेडले जाऊ लागले आणि खरी थकबाकी किती, हे शाखाधिकाऱ्यांनाही सांगता येईना. दोन्ही कार्यक्रमांच्या कार्यकर्त्या मनापासून राबत होत्या, हेही मी पाहिले आहे. वरच्या दोन्ही कार्यालयांत मात्र गटांची संख्या वाढल्याची नोंद होत होती आणि दोन्हीकडे समाधान होते.

एका गावात जे घडते तेच मोठ्या प्रमाणावर संपूर्ण देशाच्या बाबतीत घडते, याची जाणीव मदत देणाऱ्या देशांना आणि बँकांना फार पूर्वीच झाली होती. मार्च २००५ मध्ये पॅरिस येथे मदत देणारे आणि घेणारे देश एकत्र आले आणि त्यांनी एक जाहीरनामा मान्य केला. विकासाची दिशा घेणाऱ्या देशाने ठरवावी, मदतीने त्या देशाच्याच योजनांना व हिशेबपद्धतीला जोडून घ्यावे, देणाऱ्यांनी आपापसात कामे वाटून घ्यावीत, असा त्याचा आशय होता. सरकारी खात्यांना बगल देऊन उभारलेल्या समांतर प्रकल्प कार्यालयांची संख्या २०१० पर्यंत दोन-तृतीयांशाने घटवण्याचेही त्यात ठरले होते. २०११ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा जागतिक पातळीवर मोजलेल्या १३ उद्दिष्टांपैकी केवळ एक साध्य झाल्याचे आढळले. देणाऱ्यांच्या सदिच्छेवर समन्वय सोपवला तर तो होत नाही, असाच याचा अर्थ मी घेते. प्रत्येक संस्थेला आपल्या संसदेला किंवा संचालक मंडळाला स्वतःच्या नावाचे काम दाखवायचे असते, आणि त्या दडपणापुढे जाहीरनाम्याचे फारसे चालत नाही.

हैतीत याचे टोक दिसले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तेथे असंख्य संस्था धावून गेल्या. त्यांच्यात समन्वय नव्हता असे नाही. अन्न, निवारा, आरोग्य अशा विषयांनुसार संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने बैठका नियमित होत होत्या. परंतु त्यांतील अनेक बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या बंदोबस्तातील तळावर आणि इंग्रजीत होत, आणि फ्रेंच व क्रेयॉल बोलणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना तेथे प्रवेश मिळणेही अवघड होते. तातडीच्या मदतीपैकी जेमतेम एक टक्का रक्कम हैतीच्या सरकारच्या हाती गेली. सरकार दुबळे आहे म्हणून त्याला वगळायचे, आणि वगळल्यामुळे ते आणखी दुबळे होणार, हे चक्र तेथे सुरूच राहिले. शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या अशी त्या देशाची गत झाली.

इंडोनेशियाने निराळा मार्ग धरला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आचे प्रांत उद्ध्वस्त झाल्यावर तेथील सरकारने एप्रिल २००५ मध्ये पुनर्बांधणीसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन केली, कुंतोरो मांगकुसुब्रोतो यांना तिचे प्रमुख नेमले आणि चार वर्षांची मुदत घालून दिली. बाहेरून येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रकल्पाची टिपणी आधी या कार्यालयाकडे द्यायची आणि मंजुरीनंतरच काम सुरू करायचे, असा दंडक होता. त्या कार्यालयाकडे स्वतःचा निधी होता आणि कोणी कोठे किती घरे बांधायची कबूल केली आहेत याची नोंदही होती. चुका तेथेही झाल्या. पण नको त्या कामाला नाही म्हणण्याचा अधिकार एका ठिकाणी होता, आणि माझ्या मते सगळा फरक त्यानेच पडला. मुदत संपताच २००९ मध्ये ते कार्यालय बंदही झाले, हे आपल्याकडच्या कधीही न संपणाऱ्या कक्षांकडे पाहता मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

टांझानियाचा अनुभव मला याहून बोधक वाटतो, कारण तो आपत्तीच्या धामधुमीतला नाही. नव्वदच्या दशकात तेथील सरकार आणि देणगीदार यांचे संबंध बिघडले, तेव्हा कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जेराल्ड हेलेनर यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. या गटाने १९९५ च्या अहवालात सरकारइतकेच देणगीदारांचेही दोष स्पष्ट लिहिले. पुढे दोन्ही बाजूंच्या वागणुकीचा त्रयस्थांकडून आढावा घेण्याची पद्धत तेथे पडली. अर्थसंकल्पाची तयारी चालू असते त्या काही महिन्यांत शिष्टमंडळे पाठवू नयेत, असेही टांझानियाने देणगीदारांना सांगितले. ज्याने तालुक्याच्या कचेरीत काम केले आहे त्याला या मागणीचे मोल कळेल. मार्चअखेरीची देयके समोर असताना पाहणी पथक येते, गाड्या आणि माहितीची पुस्तिका तयार ठेवावी लागते, आणि ग्रामसेवकापासून गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांचे दोन-तीन दिवस त्यातच जातात.

एका नियंत्रकाची कल्पना धोक्याची आहे, त्यातून परवान्यांचे राज्य आणि दिरंगाई येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. नेपाळमध्ये एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरण प्रत्यक्ष उभे राहायला डिसेंबर उजाडला, आणि तोवर लोकांनी सगळा पावसाळा ताडपत्रीखाली काढला होता आणि थंडीही सुरू झाली होती. परंतु त्याच प्राधिकरणाने घरासाठीचे अनुदान सर्वांना सारखे ठरवले: तीन लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत, मग निधी कोणत्याही देशाचा असो. अन्यथा एका संस्थेच्या वाडीत पक्के घर आणि शेजारच्या वाडीत चार पत्रे, असा भेद पडला असता. दिरंगाईवर उपाय म्हणजे मुदत घालून देणे आणि यंत्रणा आपत्तीच्या आधीच तयार ठेवणे; त्यासाठी यंत्रणाच नको म्हणणे मला पटत नाही.

आपल्या राज्याला हे शिकवायला परक्याची गरज नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी लोकांची मागणी, दहा टक्के लोकवर्गणी आणि देखभालीची जबाबदारी गावाची, हे धोरण शासनाने २००० सालीच स्वीकारले होते. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘जलस्वराज्य’ आणि जर्मनीच्या साहाय्याने ‘आपलं पाणी’ हे प्रकल्प आले. त्यांचे जिल्हे वेगळे होते. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद हे जिल्हे जर्मन साहाय्याकडे होते. धोरण आधी आणि कर्ज नंतर, हा क्रम पाळल्यामुळे दोन देणाऱ्यांच्या दोन तऱ्हा गावावर लादल्या गेल्या नाहीत. केंद्रानेही २००३ मध्ये मोजके मोठे भागीदार वगळता इतर देशांकडून थेट सरकारी मदत घेणे थांबवले, कारण लहान रकमांच्या करारांमागे प्रशासनाचा वेळ फार जात होता.

२०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली संस्था बंद केली आणि अनेक देशांतील दवाखान्यांचा निधी अचानक थांबला. आता पैसाच आटत असताना समन्वयाची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. मला उलट वाटते. कोणाच्या पैशातून कोणता दवाखाना, कोणते औषध, कोणाचा पगार चालतो याची नोंद ज्या देशाने स्वतःकडे ठेवली आहे, त्यालाच निधी तुटल्यावर आधी कोठे धावायचे हे कळते.

समन्वय नसल्याचे परिणाम २०१९ च्या पुरात कोल्हापूरनेही सोसले आहेत. राज्यभरातून आलेली मदत डोळ्यांत पाणी आणणारी होती, पण ती घेऊन आलेल्या गाड्या हमरस्त्यालगतच्या गावांत पुनःपुन्हा थांबत होत्या आणि आतल्या वस्त्या वाट पाहत होत्या. बिस्किटांचे आणि कपड्यांचे ढीग पडलेले असताना जनावरांना वैरण मिळत नव्हती. पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यानंतर कोणाला कोठे पाठवायचे हे ठरवायला बसलो तर पुन्हा हेच होईल, आणि परदेशी निधीच्या मोठ्या प्रकल्पातही तसेच होईल.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की बाहेरच्या निधीतून जिल्ह्यात होणारे प्रत्येक काम, ते राज्य पातळीवर मंजूर झालेले असले तरी, जिल्हा नियोजन समितीपुढे यावे आणि दुबार ठरणारे काम बदलून मागण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार समितीला असावा. पूरबाधित कुटुंबांचे सर्वेक्षण एकदाच व्हावे आणि सर्व यंत्रणांनी तेच वापरावे. एकाच उंबऱ्यावर महसूल, जलसंपदा, सल्लागार कंपनी आणि संस्था यांनी चार वेळा येऊन तेच प्रश्न विचारणे लोकांच्या सहनशीलतेचा अंत पाहणारे आहे. प्रकल्पासाठी नेमलेल्या तज्ज्ञांबरोबर खात्याचे कायम कर्मचारी पहिल्या दिवसापासून कामाला जोडावेत, नाहीतर कंत्राट संपताच सगळी माहिती त्यांच्या संगणकांबरोबर निघून जाते. नदीतील पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवणारा कोणीतरी मिळतोच. तिसऱ्या वर्षी त्याची बॅटरी कोण बदलणार, हे मात्र करारातच लिहिलेले असले पाहिजे.

कोणाचा निधी, कोणते गाव, कोणते काम, किती रक्कम, कोणती मुदत आणि त्यानंतर देखभाल कोणाकडे, असा मराठीतील तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयाने येत्या पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावा, तो ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावा आणि शिरोळ, करवीर व हातकणंगले तालुक्यांतील पूरबाधित ग्रामपंचायतींना त्यावर लेखी हरकती घेण्यासाठी ग्रामसभेची एक फेरी होईल इतकी मुदत द्यावी.

आपली,
एक निवृत्त विस्तार अधिकारी,
राजारामपुरी, कोल्हापूर