मस्जिद बंदरचं पुस्तक चितगावलाही आहे

माननीय संपादक,

विजय दिवसानिमित्तचा आपला अग्रलेख वाचला. १९७१ची आठवण हाच भारत आणि बांगलादेशमधला सगळ्यात मजबूत धागा, असं त्यात म्हटलंय, ते मला पूर्ण पटलं नाही म्हणून लिहितेय.

१९७१ मोठंच होतं. ढाक्यातली शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, आणि आपली विक्रांत, जिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. दर १६ डिसेंबरला मुक्तियोद्धे कोलकात्याला येतात, आपले निवृत्त अधिकारी ढाक्याला जातात, ते चालूच राहायला हवं. पण बांगलादेशात ही आठवण एका पक्षाची, एका घराण्याची होऊन बसली होती. ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीनांची सत्ता गेली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांचे वडील मुजीबुर रहमान यांचं धानमंडीचं घर जमावाने पाडलं, बघताना जीव तुटला.

चीनचंही तेच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, शिकले आपल्या जीएस मेडिकलला, १९३८मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. हू जिंताओ २००६मध्ये आणि ली केकियांग २०१३मध्ये मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटले, पेपरात फोटो आले, आपल्याला बरं वाटलं. पुढे २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. कोटणीसांचा मोठेपणा याने तसूभर कमी होत नाही, पण त्यांची आठवण दोन्ही सरकारांनी पाहुणे आल्यावर काढायच्या कपबशीसारखी वापरली.

याउलट इटलीतल्या माँटोने गावाने २०२३मध्ये आपल्या माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं, दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ला ते त्याच भागात लढताना पडले होते. गावाने आणि तिथल्या इतिहास अभ्यासकांनी मिळून केलं, म्हणून मला ते जास्त टिकाऊ वाटतं.

आता मूळ मुद्दा. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनजवळ इंडियन सेलर्स होम आहे, रोज हजारो लोक तिथून जातात. दुसऱ्या महायुद्धात समुद्रातच गेलेले, ज्यांना ना कबर ना समाधी, अशा सुमारे साडेसहा हजार नौसैनिकांची आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची नावं असलेलं एक पुस्तक तिथे आहे. आणि तेच पुस्तक, तीच नावं, चितगावच्या वॉर सिमेट्रीतही ठेवलंय! मुंबईहून रत्नागिरी-राजापूरकडचे सारंग, तांडेल आणि खलाशी बोटीवर चढायचे, कोलकात्याहून सिल्हेट-नोआखालीचे आगवाले, जे खाली बॉयलरसमोर कोळसा मारत उभे असायचे आणि टॉर्पेडो लागला तर डेकवर यायलाही वेळ मिळायचा नाही. पगार गोऱ्या खलाशांच्या मानाने अगदीच थोडा. युद्ध इंग्रजांचं, मेली आपली माणसं, तिकडची आणि इकडची. आमच्या भागात अजून अशी घरं आहेत जिथे ‘बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढंच माहीत आहे. या माणसांवर ना कुठल्या पक्षाचा हक्क, ना कुठल्या सरकारचा, म्हणूनच आज संबंध इतके बिघडलेले असताना दोन्ही देशांना एकत्र उभं राहायला ही जागा आहे, आणि आपण तिकडे ढुंकूनही बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. जहाज वाहतुकीचा कारभार बघणाऱ्या डीजी शिपिंगचं ऑफिस मुंबईत, बांगलादेशचं उप-उच्चायुक्तालयही मुंबईत, मग दिल्ली-ढाक्याचं जमायची वाट कशाला बघायची? त्या दिवशी दोन्ही शहरांत एकाच वेळी ती नावं मोठ्याने वाचा, मंत्री नाही आले तरी चालेल, पण खलाशांच्या युनियनला आणि कोकणातल्या, सिल्हेटमधल्या घरच्या माणसांना बोलवा. आणि ती सगळी यादी मराठीत आणि बंगालीत छापा, आपल्या पेपरने रोज थोडी थोडी छापायला सुरुवात केली तरी चालेल, माहिती गोळा करायला मी आणि आमच्या भागातले चारपाच जण यायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक, माझगाव