घरी ओतलेले काँक्रीटचे सिंक

माननीय संपादक महोदय,

घरच्या घरी काँक्रीटचे सिंक ओतण्याच्या उत्साहात चर्चा होते ती साच्याची आणि रंगाची. साचा भरल्यानंतर किमान ७ दिवस काँक्रीट ओले ठेवण्याकडे मात्र दुर्लक्ष होते आणि पुढे पडणाऱ्या बारीक भेगांचा दोष उगाच सिमेंटला दिला जातो. मिश्रण सहज पसरावे म्हणून पाणी वाढवले, तर पृष्ठभाग सच्छिद्र होतो; पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून कमीच असावे. तळाचा उतार साच्यातच द्यावा, तो मागाहून घासून साधत नाही. लिंबू, व्हिनेगर यांसारखी आम्ले काँक्रीट खात असल्याने सीलर म्हणजेच संरक्षक लेप (तोही अधूनमधून पुन्हा) लावावाच लागतो. ओले सिमेंट त्वचा भाजते, म्हणून हातमोजे हवेतच. घनमीटरला सुमारे २४०० किलो भरणाऱ्या या काँक्रीटचा भार ओटा पेलेल का, हे आधीच तपासावे.

– एक वाचक