किल्ला राखला, वाडीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारसा सप्ताह आला की दक्षिण मुंबईतल्या दगडी इमारतींचे फोटो छापून येतात. त्याबद्दल तक्रार नाही. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली म्हणून त्यातल्या कित्येक आज उभ्या आहेत. पण मी दादरला राहत असले तरी माझे माहेर वसई पश्चिमेला, वाडवळ या बागायतदार समाजाच्या वाडीत, म्हणजे बागायतीत. तिथे जे नाहीसे होत आहे त्याची कुठल्याच यादीत नोंद नाही.

वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला राखलाच पाहिजे. मात्र ज्या वाड्यांतून पानवेली, राजेळी केळी आणि भाजी पिढ्यान्‌पिढ्या निघाली, ज्यांचा मोगरा आजही पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात उतरतो, त्यांची राखण कोणी करायची?

या वाड्यांचा जीव बावखलात असतो. मुंबईकरांना ते सांगावे लागते. वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेले छोटे तळेच म्हणा, एका बाजूने उतार, दगडी बांधणी नाही. पावसाचे पाणी त्यात साठते आणि जमिनीत मुरते. समुद्र हाकेवर, तरी विहिरी गोड राहतात त्या या मुरलेल्या पाण्याच्या जोरावर. आमच्या बावखलावर आजोबांचा रहाट होता. डोळ्यांना झापडे लावलेला रेडा फिरायचा आणि पोहऱ्यांतले पाणी पन्हळीत सांडून पाटाने मोगऱ्याच्या बुंध्याशी जायचे. रहाटाची करकर थांबली की आजी चुलीपुढूनच रेड्याला दरडावायची!

पुढे विजेचे पंप आले, रहाट गेला आणि बावखल कचरा टाकायची जागा झाली. शेजारचे तर डेब्रिजचे डंपर ओतून बुजवले. चौकशीला गेलो तर उत्तर मिळाले, ‘खासगी जागा आहे.’ आता आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागते. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात बुडाली होती. ते पाणी जायचे कुठे, हे बुजवणाऱ्यांना विचारायला हवे.

यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतींबरोबर टेकड्या, देवराया, पाणवठे अशी नैसर्गिक ठिकाणेही वारसा म्हणून नोंदवण्याची सोय आहे. फिलिपिन्समधली डोंगरउतारावरची भातखाचरे युनेस्कोने १९९५ मध्येच जागतिक वारसा ठरवली. केरळातल्या कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या शेतीलाही जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता आहे. मग बावखलाची वाडी का नको?

अर्थात नुसती बंदी घातली तर वाडीवाले विरोध करतील, आणि तो रास्तच असेल. माझा भाऊ म्हणतो, ‘यादीत नाव लागलं की जमिनीचा भाव पडणार. पोरांच्या फिया तू भरणार का, ताई?’ यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला, जिथे बांधता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो. तसाच तो वाडीच्या मालकाला मिळावा, पण टप्प्याटप्प्याने, आणि वाडी कसलेली व बावखल उघडे असेल तरच. नाहीतर टीडीआर विकून जमिनीला तारेचे कुंपण घालणारे आणि आत फार्महाऊस थाटणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

पहिले काम म्हणून महापालिका आणि तलाठी कार्यालयाने मिळून बावखलांची मोजणी करावी आणि सातबाऱ्यावर तशी नोंद घ्यावी. ती मे महिन्यात करावी, म्हणजे कोणत्या बावखलात अजून पाणी टिकते ते डोळ्यांना दिसेल. बुजलेल्यांच्या जागा दाखवायला गावातली म्हातारी माणसे आहेत. आमची आत्या तर काठी टेकत पुढे चालेल.

– एक माहेरवाशीण, दादर (पश्चिम)