मिशा न काढता खलनायक काढायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

तुमच्या जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा गठ्ठा परत पाठवतोय. मोजून घ्या. एका अंकाच्या मुखपृष्ठाला वरच्या स्टेपलपाशी बोटभर चीर गेली आहे, ती माझ्या हातून. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "वाचताना फाटला ना? मग ठीक." रागावला असतात तर बरं वाटलं असतं. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमच्यासमोर बसून आभार मानायला गेलो तर तुम्ही विषय बदलाल.

मी आलो होतो तेव्हा माझी अवस्था तुम्हाला माहीत आहे. स्क्रीनवर रंग भरण्यात बारा वर्षं गेलेली, आणि स्वतःच्या गोष्टीसाठी काढलेले सगळे खलनायक एकाच आईची लेकरं: आवळलेले दात, उतरत्या भुवया, मागून लाल उजेड. तुम्ही चित्रं पाहिलीत आणि विचारलंत, "हा चिडलाय हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. तोंड झाकलं तर?" मग आतून हा गठ्ठा आणि ते जाड भिंग आणून दिलंत.

सुरुवात तुम्ही डॉक्टर डूम या मुखवटेवाल्या खलनायकापासून करायला लावलीत. जॅक कर्बी आणि स्टॅन ली यांनी 1962 मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या पाचव्या अंकात आणलेला हा माणूस, आणि त्याच्या तोंडावर कायमचं लोखंड! भुवया नाहीत, ओठ नाहीत. दोन भोकांतून डोळे, बस्स. कर्बीने सगळा अभिनय हातांत नेऊन ठेवलाय. तळहात आपल्याकडे, बोटं फाकलेली, एकेक बोट खांबासारखं चौकोनी. झग्याच्या घड्यासुद्धा त्याच्या मनाप्रमाणे वागतात. मी तुमचं ऐकून मुखवट्यावर अंगठा ठेवला आणि पानं उलटली. कुठे तो हुकूम सोडतोय, कुठे अपमान गिळतोय, सगळं कळत होतं. 1964 च्या वार्षिक अंकात तो मुखवटा पुरता निवायच्या आत चेहऱ्यावर चढवतो. ती चौकट मी पूर्वी कितीदा तरी पाहिली असेन. तिथला उतावीळपणा मात्र या वेळी दिसला.

रंगांबद्दल तुमच्याशी मी भांडलो होतो, ते मागे घेतो. निम्मं. मला ते जुने रंग स्वस्तातले वाटायचे, आणि होतेही स्वस्तातलेच: निळा, किरमिजी, पिवळा, प्रत्येकाच्या तीन छटा, कोऱ्या कागदासकट जेमतेम 64 मिश्रणं, तीही शाई पिणाऱ्या वर्तमानपत्री कागदावर. भिंगाखाली गाल म्हणजे नुसते गुलाबी ठिपके. पण एवढ्याशा डबीतून त्यांनी केवढी शिस्त काढली! नायकाला लाल-निळा, खलनायकाला हिरवा-जांभळा. बॅटमॅनचा शत्रू जोकर, स्पायडर-मॅनचे शत्रू ग्रीन गॉब्लिन आणि मिस्टेरिओ, अगदी लिझार्डची हिरवी कातडी आणि जांभळी विजार. (हल्क हिरवा-जांभळा असून नायक, तो या नियमात बसत नाही. बसला असता तर कंटाळवाणा झाला असता.) नंतर तुम्ही त्याच पानाची गुळगुळीत कागदावरची, नव्याने रंगवलेली आवृत्ती शेजारी ठेवलीत. प्रत्येक स्नायूवर चकाकी, आकाशात सात छटा, आणि शाईची काळी रेघ कुठल्या कुठे बुडालेली. ते काम माझं नव्हतं, पण असू शकलं असतं. मी हेच करत आलोय.

जोकरचं मला नव्याने काही सापडणार नाही असं वाटलं होतं. 1940 चा 'बॅटमॅन'चा पहिला अंक पुन्हा वाचला. त्याच अंकातल्या दुसऱ्या गोष्टीत तो मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली म्हणून जगला. त्या पहिल्या अंकातला जोकर हसत नाही फारसा, हे मी विसरलो होतो. पुढे 1954 मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली आली, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये असं ठरलं, आणि हाच खुनी पुरता खोड्या काढणारा विदूषक होऊन बसला. बॅटमॅनचा अर्ध्या विद्रूप चेहऱ्याचा शत्रू टू-फेस तर जवळजवळ गायबच झाला, तो 1971 मध्ये परतला. त्या मधल्या वर्षांचे अंक मी भराभर उलटले. माफ करा, तुम्हाला ते आवडतात.

पण मला जे मिळालं ते स्टीव्ह डिट्कोच्या 'स्पायडर-मॅन' क्रमांक 33 मध्ये, 1966 च्या. पानं तोंडपाठ होती. स्पायडर-मॅन यंत्राच्या ढिगाऱ्याखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि मे काकूंचं औषध समोर, हात पोचणार नाही इतक्याच अंतरावर. चौकटी वाढत वाढत जातात आणि शेवटी अख्खं पान, यंत्र वर. तुम्ही विचारलंत, "यात खलनायक कुठाय?" मी शोधत बसलो. त्याचा शत्रू डॉक्टर ऑक्टोपस त्या पानांत नाहीच! तो निघून गेलाय आणि त्याचं वजन मागे ठेवून गेलाय. डिट्कोने ते लोखंड इतकं निर्विकार काढलंय की त्याला तोंडाची गरजच नाही. त्या रात्री मी माझे सगळे दातवाले पुसून टाकले.

एका बाबतीत मात्र अजून पटत नाही. ग्रह गिळणारा तो कर्बीचा महाकाय गॅलॅक्टस तुम्हाला ग्रेट वाटतो, मला तो डोक्यावरच्या त्या अवजड शिरस्त्राणामुळे कायम समारंभाला निघाल्यासारखा दिसतो. त्याच्याभोवतीचे कर्बीचे ते काळे ठिपके, ऊर्जा उकळत असल्यासारखे, ते मात्र मी दोन दिवस गिरवत होतो. गोल काढले की बुडबुडे होतात, वेडेवाकडे काढले की डाग. दोन्हींच्या मधे काहीतरी आहे.

माझ्या गोष्टीतल्या खलनायिकेला आता पाठमोरी उभी केली आहे. एक हात दाराच्या कडेवर. तोंड दिसत नाही. पहिल्यांदा कुणीतरी ते पान पाहून म्हणालं, "ही आत येऊ नये." भुवयांनी हे बारा वर्षांत झालं नव्हतं, काका. त्याबद्दल, भिंगाबद्दल आणि त्या फाटक्या अंकाबद्दल मनापासून आभार.

गठ्ठ्यात 'स्ट्रेंज टेल्स'चे दोन अंक कमी भरतील. हरवलेले नाहीत, माझ्या टेबलावर आहेत. त्यातल्या डोरमामू या खलनायकाच्या डोक्यावरच्या ज्वाळा डिट्को नुसत्या रेघेत कशा पेटवतो ते उतरवून बघतोय. सहा वेळा केस झाले, एकदा कोबी. ज्वाळा जमल्या की अंक घेऊन स्वतःच येतो.

तुमचा,
अंक फाडणारा