पान वाढल्यावर सुई : आमच्या डायबिटीस एज्युकेटर ताईंना पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

केसपेपरवर इन्सुलिनचा हा बदल एका ओळीत मावतो: जेवणाआधीचं जुनं रेग्युलर बंद, जलद काम करणारं अस्पार्ट किंवा लिस्प्रो सुरू, युनिट सध्या तेवढीच. पण त्या ओळीने घरातलं दिवसभराचं घड्याळ बदलतं. टाइप 1 मधुमेहाच्या मुलांच्या आम्हा पालकांना ते घड्याळ तुम्ही काट्याकाट्याने समजावलंत, म्हणून हे आभाराचं पत्र. उघड लिहितोय, कारण आणखी कितीतरी घरांत हाच बदल व्हायचा आहे.

औषधाच्या आधी तुम्ही सिरिंजा हातात दिल्यात. लाल टोपणाची 40 ची, केशरी टोपणाची 100 ची (एका मिलीलीटरमध्ये तेवढी युनिट). रेग्युलरची बाटली 40 ची, म्हणून घरात सगळ्या लाल टोपणाच्या. नवीन बाटलीवर 100 छापलेलं. त्यातलं इन्सुलिन जुन्या सिरिंजने 4 च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात 10 युनिट जातात, अडीच पट. लहान मूल एवढ्याने बेशुद्ध पडू शकतं. एनपीएच, म्हणजे हळू आणि जास्त वेळ चालणारं इन्सुलिन, 40 चंच चालू राहणार असेल तर सिरिंजांचे दोन वेगळे डबे ठेवा, आणि ही दोन इन्सुलिनं एका सिरिंजमध्ये कधीही ओढू नका, असं तुम्ही बजावलंत. रेघा एकाला खऱ्या ठरतात, दुसऱ्याला खोट्या. ही गोष्ट बाटली फोडायच्या आधी सांगायला हवी, आणि तुम्ही ती तेव्हाच सांगितलीत.

मग वेळ. रेग्युलरचे रेणू जस्ताला धरून सहा-सहाच्या गटात असतात. कातडीखाली ते गट सुटे होईपर्यंत इन्सुलिन रक्तात पोचत नाही, म्हणून सुईनंतर अर्धा तास थांबायचं. अस्पार्टमध्ये साखळीतलं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, लिस्प्रोमध्ये शेजारच्या दोघांची अदलाबदल. तेवढ्याने गट लवकर फुटतात. काम 10 ते 15 मिनिटांत सुरू होतं, जोर 1 ते 3 तासांत असतो आणि 3 ते 5 तासांत असर संपतो. तुम्ही लग्नाच्या पंगतीचं उदाहरण दिलंत. अर्ध्या तासाच्या हिशोबाने सुई टोचली आणि पंगत लांबली, की मूल ताटावर बसायच्या आधीच लो, म्हणजे साखर फार खाली. आता पान वाढलेलं दिसलं की सुई. रक्तातली साखर जास्त असेल तर 10-15 मिनिटं आधी, 80 च्या आसपास असेल तर घास तोंडात जाताना. दोन-तीन वर्षांचं मूल अर्धी पोळी टाकून उठत असेल तर जेवण झाल्याबरोबर, खाल्लं तेवढ्याचीच. रेग्युलरमध्ये ही सोय नव्हती.

सगळ्यात मोलाचं होतं ते रेग्युलरच्या शेपटीबद्दलचं. रेग्युलरचा असर 6 ते 8 तास रेंगाळतो. सकाळी आठच्या सुईवर अकराचा शाळेतला डबा आपोआप भागायचा. उलट तो खाल्ला नाही तर साखर उतरायची. जलद इन्सुलिनमध्ये ती शेपूट नाही. डबा तसाच चालू राहिला की दुपारी जेवणाआधी 250 दिसतात, आणि घरचे म्हणतात नवीन औषध लागू पडत नाही. औषध चोख काम करतंय, डब्याची सुई राहिली आहे. डबा बंद करा नाहीतर त्याचं युनिट द्या. काही न खाताही जेवणाआधी साखर चढत असेल तर बेसल, म्हणजे दिवसभर संथ चालणारं पायाचं इन्सुलिन, कमी पडतंय. आजवर ते रेग्युलरच्या शेपटीखाली झाकलेलं होतं. तेव्हा जेवणाचा डोस वाढवत बसू नका, बेसलबद्दल डॉक्टरांशी बोला.

साखर खाली आणायच्या जादा डोसाचं गणितही तुम्ही वहीत मांडून दिलंत. दिवसाची एकूण 36 युनिट असतील तर रेग्युलरला 1500 भागिले 36, म्हणजे एका युनिटने सुमारे 42 उतरणार. जलदला 1800 भागिले 36, म्हणजे 50. हा नुसता सुरुवातीचा अंदाज, पुढे मुलागणिक बदलतो. आधीच्या सुईला चार तास झाल्याशिवाय जादा डोस नाही, नाहीतर डोसावर डोस चढतो आणि मध्यरात्री साखर कोसळते. म्हणून पहिल्या आठवड्यात जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि एक-दोनदा पहाटे तीनला तपासणी. 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं.

आणि ते रबर बँड! एनपीएच गढूळ आणि रेग्युलर स्वच्छ, त्यामुळे बाटली डोळ्यांनीच ओळखू यायची. दिवसभर चालणारं ग्लार्जिन आणि जलद अस्पार्ट दोन्ही पाण्यासारखी. रात्री झोपेच्या डोळ्यांनी ग्लार्जिनची 14 युनिट अस्पार्टच्या पेनमधून गेली तर तो जिवावरचा प्रसंग: लगेच गोड द्यायचं, मुलाला झोपू द्यायचं नाही, दवाखाना गाठायचा. जलदच्या पेनला दोन रबर बँड गुंडाळायची तुमची युक्ती अंधारातसुद्धा बोटांना कळते.

काही मुलांना आता याहून जलद, निकोटिनामाइड घातलेलं अस्पार्ट मिळतंय. तिथे 15 मिनिटं थांबायची सवय मोडावी लागते, कारण ती सुई जेवणाच्या दोन मिनिटं आधी किंवा घासाबरोबर द्यायची असते. पुरणपोळीवर तूप ओतलेलं असलं की जेवण उशिरा पचतं. सुई आधी उतरते, साखर तीन-चार तासांनी चढते. सणाच्या आधी तुम्ही मुद्दाम फोन करून हे सांगितलंत.

वहीतलं ते पान आता आमच्यात हातोहात फिरतं. नवीन पालक आले की आधी सिरिंजांचं टोपण बघायला सांगतो, मग घड्याळ. काही चुकीचं सांगत असलो तर हक्काने दुरुस्त करा. ताई, मनापासून आभार.

आपले,
तुमच्याकडे शिकलेल्या मुलांचे आई-बाबा