साहेब, बाईची सिकल सेल टेस्ट करता तर नवऱ्याचीही त्याच आठवड्यात करा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र

साहेब, नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. पत्र सिकल सेलबद्दल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आणि आईबापांकडून बाळात येणाऱ्या आजाराबद्दल आहे, आणि मुख्य मागणी एकच आहे म्हणून आधीच सांगून टाकते. गरोदर बाई सिकल सेल वाहक (स्वतः आजारी नाही, पण बिघडलेला जीन बाळाला देऊ शकते अशी) निघाली की तिच्या नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात तपासलं गेलं पाहिजे, तो कुठेही कामाला गेलेला असो, आणि दोघंही वाहक निघाले तर पोटातल्या बाळाची तपासणी बाराव्या आठवड्याच्या आसपास होऊ शकेल एवढी सोय आमच्या जिल्ह्यात पाहिजे.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकल सेल निर्मूलन मिशन सुरू झालं, आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं ठरलं. काम सुरू आहे हे मी डोळ्यांनी बघते, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आशाताई आणि सिस्टर पायी चढून जातात, त्यांचे उपकार आहेत. पण दर वेळी आकडा ऐकायला मिळतो तो किती माणसं तपासली याचा, किती जोडपी तपासली याचा आकडा मी अजून कुठे बघितला नाही, आणि हा आजार बाळात उतरतो तो जोडप्यातून.

हिमोग्लोबिनचा जो भाग इथे बिघडतो त्याचा जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, प्रत्येकाकडे दोन, एक आईकडून आलेला एक बापाकडून. बाईच्या अंडाशयात तयार होणाऱ्या बीजात त्यातला एकच जातो, पुरुषाच्या शुक्राणूतही एकच, म्हणजे बाळाच्या रक्तात दोघांचा वाटा अगदी बरोबरीचा आहे. वाहक म्हणजे एएस माणूस, एक जीन चांगला आणि एक बिघडलेला असलेला, धडधाकट असतो, शेतात राबतो, त्याला आयुष्यात कळतही नाही. उलट जंगलपट्टीत मलेरियापासून एका बिघडलेल्या जीनने थोडं संरक्षण दिलं म्हणून तर तो पिढ्यानपिढ्या टिकला. पण दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळ एसएस म्हणजे दोन्ही जीन बिघडलेलं, ग्रस्त असेल, चारात दोन की आईबापांसारखं वाहक, आणि चारात एक की पूर्ण मोकळं.

हे "चारात एक" लोकांना नीट समजावून सांगितलंच जात नाही साहेब. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार असं समजून पुढचं मूल होऊ देणारे आईबाप मी भेटलेय, आणि पहिली दोन चांगली निघाली म्हणून आपल्याला धोकाच नाही असं म्हणणारे तर कितीतरी. दर वेळी फासा नव्याने पडतो, आधी काय पडलं ते त्याला माहीत नसतं. दोन वाहकांना चार मुलं झाली तर त्यातलं निदान एक तरी ग्रस्त असण्याची शक्यता ६८ टक्क्यांच्या आसपास येते, हा हिशोब माझी बारावीची मुलं फळ्यावर करून दाखवतात. आणि मुलगा की मुलगी याने काही फरक पडत नाही, कारण हा जीन लिंग ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर नाहीच.

आता नवऱ्याकडे येते. गरोदर बाईची टेस्ट झाली आणि ती एएस निघाली तर तिचं कार्ड बनतं, तिला समजावलं जातं, आणि नवऱ्याला घेऊन या असा निरोप दिला जातो. नवरा असतो कुठे? दिवाळीनंतर आमच्याकडचे पाडे रिकामे होतात, माणसं ऊसतोडीला गुजरातमध्ये, बांधकामावर सुरतेला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं असंच झालं, तिची टेस्ट पाचव्या महिन्यात, नवरा घरी आला आठव्या महिन्यात, तोही वाहक. बाळाचे हातपाय सुजायला लागले सहा-सात महिन्यांचं झाल्यावर, आणि सासरी नाव कोणाचं निघालं तर पोरीचं, कारण कार्ड तिच्याकडे होतं ना, टेस्ट तिची आधी झाली होती! बाप बरोबरीचा वाटेकरी, पण कागदावर त्याचं नाव उशिरा आलं म्हणून दोष सगळा आईवर. मला या गोष्टीचा फार राग येतो आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

उशीर का परवडत नाही तेही सांगते. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत (गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात) जवळजवळ वाहतं पण एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे आईचं नेहमीचं रक्त तपासून बाळ एसएस आहे का ते कळत नाही. त्यासाठी १० ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीकसा नमुना घ्यावा लागतो, ते हुकलं तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल, मग नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला, मग रिपोर्टची वाट. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतरही २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे अटी वाढत जातात आणि २४ च्या पुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. धडगावच्या बाईने पाचव्या महिन्यात या सगळ्यातून कसं जायचं? दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानात गरोदर बायांची तपासणी होते, पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी आहे, म्हणजे तिथे सिकल सेल कळला तर वारेच्या तपासणीची वेळ निघून गेलेली असते. टेस्ट पहिल्या नोंदणीलाच व्हायला पाहिजे, १२ आठवड्यांच्या आत.

आणि लोकांना, कधी कधी कर्मचाऱ्यांनाही, असं वाटतं की पोटातल्या बाळाची तपासणी म्हणजे बेकायदेशीर काहीतरी. १९९४ चा कायदा लिंग बघायला बंदी करतो आणि ती बंदी हवीच, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तपासणीला त्याच कायद्यात परवानगी आहे. हे प्रत्येक पीएचसीच्या म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत आणि जमलं तर पावरी-भिली या आमच्या आदिवासी बोलींत लिहून लावा. रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते त्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने ठरवायचं, कोणी दबाव टाकायचा नाही. त्यांनी बाळ ठेवायचं ठरवलं तरी माहिती वाया जात नाही, कारण एसएस बाळाला सुरुवातीच्या महिन्यांपासून पेनिसिलिन मिळालं, लसी वेळेवर झाल्या, पाणथरी वाढलीय का ते आईला पोटावर हात ठेवून बघायला शिकवलं आणि पुढे डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया हे सिकल सेलचं औषध सुरू केलं तर ते मूल शाळेत जातं, मोठं होतं, मी अशी मुलं शिकवलीत. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकल सेलची झटपट प्राथमिक तपासणी, पहिल्या सहा महिन्यांत उपयोगाची नाही कारण बाळाच्या रक्तात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून धोका असलेल्या प्रत्येक बाळाची टाचेच्या रक्ताची टेस्ट हवी.

नवऱ्याचं काम काही फार अवघड नाहीये हो. सोल्युबिलिटी टेस्टला बोटाचं दोन थेंब रक्त आणि काही मिनिटं लागतात, पॉझिटिव्ह आली की एचपीएलसीला, म्हणजे पक्कं निदान करणाऱ्या लॅबच्या तपासणीला, नमुना पाठवायचा. तो सुरतेत असेल तर सुरतेतल्या सरकारी दवाखान्यात त्याची टेस्ट होऊन रिपोर्ट इकडच्या सिस्टरला फोनवर दिसावा एवढी बोलणी तुम्ही गुजरात सरकारशी करू शकता, मिशन तर दोन्हीकडे एकच आहे. बायको वाहक निघाली त्या दिवशी यादीत नवऱ्याचं नाव, त्याचा मोबाईल आणि तो कुठे आहे ते लिहिलं जावं आणि त्याची टेस्ट होईपर्यंत ती केस पूर्ण झाली असं धरू नये. आणि रिपोर्ट ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा नाही, वाहक मुलींची लग्नं मोडतात त्यामुळे, मुलांची त्या मानाने कमी मोडतात.

जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी वारेचा नमुना घेणारे प्रशिक्षित डॉक्टर बसवा, तिथे नेण्या-आणण्याची गाडी द्या आणि बाईसोबत एका माणसाची त्या दिवसाची मजुरी भरून द्या, नाहीतर कोणी येणार नाही.

एक मागणी शिक्षण खात्याकडे जाते पण तुम्ही बोललात तर ऐकतील. मानवी प्रजननाचा धडा आला की कितीतरी वर्गांत "हे घरी वाचा" म्हणून पानं उलटली जातात, आणि आमच्या भागातल्या बऱ्याच मुलींचं लग्न बारावीनंतर लगेच होतं. तो धडा आणि आनुवंशिकतेचा धडा आश्रमशाळांमध्ये मुलामुलींना एकत्र बसवून, सिकल सेलचं उदाहरण घेऊनच शिकवा.

यंदाची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतील. त्याआधी नवऱ्यांच्या तपासणीचा आदेश निघाला तर यादी घेऊन पाड्यावर सिस्टरबरोबर फिरायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत.

आपली,
बायोलॉजीची एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा